०.१०२ च का? सार्थ अंक आणि घातांक रूप

अकरावीतल्या एका मुलीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "प्रॅक्टिकलला १० मिली, ०.१ मोलार ऑक्झॅलिक आम्लासाठी १९.६ मिली सोडियम हायड्रॉक्साइड लागलं. मी त्याची मोलॅरिटी ०.१०२०४०८ लिहिली, अर्धा गुण गेला. मैत्रिणीने ०.१ लिहिली, तिचाही अर्धा गेला. बरोबर उत्तर ०.१०२ आहे म्हणे. सार्थ अंकांचे नियम मला पाठ आहेत, पण ते तसेच का, हे कुणी सांगत नाही. आणि १५०० ला १.५ × १०^३ असं लिहून नेमकं काय मिळतं?"

मी अकरा वर्षं औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये काम केलं आणि त्यानंतर वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आहे. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी त्याचं उत्तर म्हणून मुलांच्या हातात नियमांची यादी दिली जाते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची तर अजूनच पंचाईत होते, कारण दहावीपर्यंत "सार्थ अंक" हा शब्द क्वचितच कानावर पडलेला असतो आणि अकरावीत पहिल्याच धड्यात "सिग्निफिकंट फिगर्स" समोर येऊन उभे राहतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते. (^ ही खूण मी घातासाठी वापरते आहे. १०^३ म्हणजे दहाचा तिसरा घात.)

नियम थोडा वेळ बाजूला ठेव आणि ब्युरेटजवळ ये.

ब्युरेटवर, म्हणजे ज्या उभ्या नळीतून आपण सोडियम हायड्रॉक्साइड मोजून सोडतो तिच्यावर, दर ०.१ मिलीला एक बारीक रेघ असते. द्रावणाचा पृष्ठभाग सपाट नसतो, मधे खोलगट असतो, आणि आपण त्या मेनिस्कसचा सर्वांत खालचा बिंदू कुठल्या रेघेवर आहे ते बघतो. (पोटॅशियम परमँगनेट असेल तर रंग इतका गडद असतो की खालचा काठ दिसतच नाही, तेव्हा वरचा काठ वाचायचा.) डोळा त्या रेघेच्या बरोबर समोर हवा. वरून पाहिलंस तर एक आकडा येतो, खाली वाकून पाहिलंस तर दुसरा. मागे पांढरा कागद धर, काठ स्पष्ट दिसतो. आता खरं सांग, तुझा मेनिस्कस अगदी १९.६ च्या रेघेवर होता का? बहुधा रेघेच्या किंचित वर किंवा किंचित खाली असेल आणि जवळची रेघ म्हणून तू १९.६ लिहिलंस. त्यात चूक काहीच नाही. पण मग तुझ्या १९.६ चा अर्थ असा होतो की खरा आकडा साधारण १९.५५ आणि १९.६५ च्या मधे कुठेतरी आहे. १ आणि ९ बद्दल तुला खात्री आहे. ६ हा तुझ्या डोळ्यांनी दिलेला शेवटचा अंक आहे आणि त्यात थोडी शंका आहे. खात्रीचे सगळे अंक आणि त्यांच्यानंतरचा शंकेचा एक अंक, एवढे मिळून सार्थ अंक होतात. १९.६ मधे ते तीन आहेत.

आता तुझं मोलॅरिटीचं, म्हणजे एका लिटर द्रावणात किती मोल पदार्थ आहे याचं, गणित घेऊ. दोन गुणिले १०.० गुणिले ०.१००० भागिले १९.६. कॅल्क्युलेटर ०.१०२०४०८१६ दाखवतो. यातले किती अंक खरे, हे ठरवायला नियम लागत नाही. एक साधी युक्ती आहे, जी मी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच आठवड्यात करून दाखवते: ज्या मोजमापाबद्दल सर्वांत जास्त शंका आहे, त्याचा शेवटचा अंक एकाने हलवायचा आणि उत्तराचा कुठला अंक हलतो ते बघायचं. १९.६ च्या जागी १९.५ घाल. उत्तर ०.१०२५६ येतं. १९.७ घाल. उत्तर ०.१०१५२ येतं. दशांश चिन्हानंतरचे १ आणि ० जागच्या जागी राहिले. २ डोलायला लागला. त्याच्या पुढचे ४, ०, ८ तर कुठल्या कुठे गेले. म्हणजे १ आणि ० खात्रीचे, २ शंकेचा, आणि उत्तर ०.१०२. गुणाकार-भागाकारात "ज्याचे सार्थ अंक सर्वांत कमी, तेवढेच उत्तरात" हा जो नियम तू पाठ केलास, तो हीच युक्ती दर वेळी करावी लागू नये म्हणून कुणीतरी आपल्यासाठी घालून दिलेला आखूड रस्ता आहे.

तुझ्या मैत्रिणीचं ०.१ का चुकलं, हेही यातूनच दिसतं. ०.१ असं लिहिलं की वाचणाऱ्याला ०.०५ पासून ०.१५ पर्यंत काहीही असू शकतं असं कळतं. तिने ब्युरेटवर मेहनतीने मिळवलेले दोन अंक टाकून दिले. पण मला तिच्या बाजूने बोलायचं आहे, कारण तिने नियम तंतोतंत पाळला. प्रश्नात "०.१ मोलार" असं छापलं होतं, त्यात एकच सार्थ अंक आहे, म्हणून तिने उत्तरातही एकच ठेवला. चूक प्रश्न लिहिणाऱ्याची आहे. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक, म्हणजे पाण्याचे दोन रेणू धरून, १२६.०७ ग्रॅम प्रति मोल. २५० मिलीच्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये ०.१ मोलार द्रावण करायचं तर ३.१५१८ ग्रॅम वजन करून घ्यायचं आणि खुणेपर्यंत पाणी भरायचं. असं केलेलं द्रावण ०.१००० मोलार असतं आणि बाटलीच्या लेबलवर ०.१००० असंच लिहायला हवं. आपल्याकडे बहुतेक लॅबमध्ये आणि प्रश्नपत्रिकांत सरळ "०.१ एम" लिहितात आणि मुलांनी मनातल्या मनात पुढची शून्यं समजून घ्यावीत अशी अपेक्षा ठेवतात. एका बाजूला मुलांना शून्याचं महत्त्व शिकवायचं आणि दुसऱ्या बाजूला आपणच ते शून्य गिळायचं, हे मला फार खटकतं. तसंच "१० मिली" चं. चांगल्या प्रतीच्या, ए क्लासच्या १० मिली पिपेटची मुभा ०.०२ मिली असते, म्हणजे ते १०.०० लिहिण्याच्या योग्यतेचं माप आहे. "१०" वाचून कुणाला ते कळणार?

राहिला सूत्रातला २. ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन लागतात म्हणून तो आला. तो कुणी मोजपट्टीने मोजलेला नाही. तो एक, दोन असा गणलेला, पूर्ण दोन आहे, २.००००० असा कितीही लांब लिहिता येईल. म्हणून सार्थ अंक मोजताना त्याच्याकडे बघायचंही नाही. समीकरणातले सहगुणक, वस्तूंची संख्या, एका लिटरचे १००० मिलीलिटर, एका इंचाचे २.५४ सेंटिमीटर (ही व्याख्याच आहे), हे सगळे असेच. दर वर्षी दोन-चार मुलं या २ मुळे उत्तर एका अंकावर आणून ठेवतात.

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून हेच गणित लॉगने करून बघ. २.००० चा लॉग ०.३०१०, १९.६ चा १.२९२३. वजा केल्यावर बार वन पॉइंट शून्य शून्य आठ सात. अँटिलॉगच्या टेबलात .००८ खाली १०१९, सातच्या मीन डिफरन्सचे २ मिळवले की १०२१. उत्तर ०.१०२१. कॅल्क्युलेटर म्हणतो ०.१०२०, टेबल म्हणतं ०.१०२१, आणि मुलं मला विचारतात की खरं कोण? चौथ्या अंकाबद्दल दोघांपैकी कुणालाच काही माहीत नाही, कारण तुझ्या ब्युरेटलाच माहीत नव्हतं. टेबल चार अंकी आहे म्हणून उत्तरात चार अंक उतरवायचे, ही सवय पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती सोड. दोघांचं तिसऱ्या अंकापर्यंत एकमत आहे आणि तेवढंच आपल्याला हवं आहे.

आता शून्याकडे येते, कारण नियमांतले निम्मे नियम शून्याचेच आहेत. एका गोळीत ३.४० मिलीग्रॅम औषध आहे असं समज. तेच ग्रॅममध्ये लिहिलं की ०.००३४० होतं. औषध तेवढंच आहे, वजनकाटाही तोच आहे, फक्त एकक बदललं. मग एकक बदलून मोजमाप जास्त चांगलं कसं होईल? पुढची तीन शून्यं एककाने आणली आहेत, काट्याने नाही, म्हणून ती मोजायची नाहीत. शेवटचं शून्य मात्र काट्याने आणलं. कुणीतरी त्या जागी बघितलं आणि तिथे खरोखर शून्य दिसलं. ३.४ लिहिणाऱ्याने तिथे बघितलंच नव्हतं. मधलं शून्य, जसं ३.०४ मधलं, उघडच मोजलेलं आहे. एवढं लक्षात ठेवलंस की शून्याचे वेगवेगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. प्रत्येक शून्याला एकच प्रश्न विचार: तू मोजमापातून आलास की जागा भरायला?

या शेवटच्या शून्याची किंमत मी लॅबमध्ये शिकले. तिथे नमुना चार दशांशी काट्यावर तोलायचो. एका नव्या मुलाने ०.५००० ग्रॅम तोलून वर्कशीटवर ०.५ लिहिलं. त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने तो कागद हातात घेऊन विचारलं, हा नमुना कुठल्या काट्यावर तोलला? काट्याची प्रिंट सापडली नाही. ०.५ हा आकडा एक दशांशी काट्यावरही येऊ शकतो, आणि तसं असेल तर निकालातल्या टक्केवारीला अर्थच उरत नाही. संपूर्ण बॅचची चाचणी पुन्हा करावी लागली. दोन दिवस गेले, तीन शून्यांपायी. हल्ली हेच काम संगणकावरच्या एक्सेलमध्ये आपोआप होतं. ०.५००० टाइप करून एंटर दाबलं की ते ०.५ करून टाकतं. सेलचा फॉरमॅट बदलून दशांश स्थळं पक्की करून ठेवावी लागतात. प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी हे आजच करून घ्यावं.

एक शून्य असं आहे की ज्याला हा प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही. १५०० मधली शेवटची दोन शून्यं. बादलीत अंदाजे दीड हजार मिली पाणी आहे असं म्हणायचं आहे, की मोजपात्राने नीट मोजून एक हजार पाचशे मिली भरलं? आकडा बघून कळत नाही. घातांक रूपाचा खरा उपयोग इथे आहे. १.५ × १०^३ म्हणजे दोनच अंक सार्थ धरून दीड हजार. १.५०० × १०^३ म्हणजे शेवटचं शून्यही मी मोजलं आहे. जागा भरण्याचं काम दहाच्या घाताने उचललं आणि पुढे उरलेल्या संख्येत फक्त मोजलेले अंक राहिले. मोठ्या संख्या आखूड करणं हा घातांक रूपाचा फायदा आहेच, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे दुसरं आहे.

खरं तर मराठी बोलणाऱ्याला हे रूप परकं वाटायचं कारण नाही. आपण "तीन लाख पन्नास हजार" म्हणत नाही, "साडेतीन लाख" म्हणतो. पेपरात "२.३५ कोटी" छापतात. पुढे मोजलेले अंक, मागे दहाच्या घाताचं नाव. लाख म्हणजे १०^५, कोटी म्हणजे १०^७. ३.५ लाख आणि ३.५ × १०^५ यांत फरक काहीच नाही, फक्त घाताला नावाऐवजी अंक दिला. नावं पुरेनाशी होतात म्हणून तो द्यावा लागतो. आपल्या जुन्या यादीत एकं, दहं, शतं करत शेवटी परार्ध येतं, ते १०^१७. अ‍ॅव्होगॅड्रो स्थिरांक ६.०२२१४०७६ × १०^२३. परार्धात सांगायचा तर साठ लाख बावीस हजार परार्ध होतात! हा आकडा २० मे २०१९ पासून व्याख्येनेच ठरवला आहे, त्यामुळे तोही आता त्या २ सारखा पूर्ण अचूक आहे. त्याआधी तो मोजून काढावा लागायचा आणि शेवटच्या अंकांत शंका असायची.

एक थेंब पाण्यात किती रेणू असतात, हे गणित मी मुद्दाम देते. साधारण २० थेंबांचं एक मिली होतं, म्हणजे एक थेंब ०.०५ मिली, वजन ०.०५ ग्रॅम. ०.०५ भागिले १८.०१५ गुणिले ६.०२२ × १०^२३. वर्गातली निम्मी मुलं १.६७१ × १०^२१ लिहितात. पण "साधारण २० थेंब" यात किती अंक आहेत? ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. उत्तर २ × १०^२१. मुलांना ते उगाच कमी वाटतं, इतकी मेहनत करून एकच अंक. पण ०.०५ च्या जागी ०.०६ घालून बघ, उत्तर २.०१ × १०^२१ होतं. १.६७१ मधले शेवटचे तीन अंक कुठून आणलेस, या प्रश्नाला उत्तर नाही.

कॅल्क्युलेटरवर घातांक रूप भरताना एक चूक हमखास होते. ईएक्सपी लिहिलेल्या बटणाचा अर्थच "गुणिले दहाचा घात" असा आहे. मुलं आधी "६.०२२ × १०" टाइप करून मग ते बटण दाबतात आणि २३ टाकतात. संख्या दहा पटीने वाढते. ६.०२२, ते बटण, २३, एवढंच करायचं.

बेरीज-वजाबाकीचा नियम वेगळा का, हे तू विचारलेलं नाहीस, पण पुढच्याच प्रॅक्टिकलला विचारशील. मोरचूद (कॉपर सल्फेट) तापवून त्यातलं पाणी काढायचा प्रयोग घे. दोन दशांशी काट्यावर मूस आणि १.०० ग्रॅम मोरचूद मिळून २४.३७ ग्रॅम. तापवून, थंड करून पुन्हा तोललं तर २४.०१ ग्रॅम. गेलेलं पाणी ०.३६ ग्रॅम. चार-चार सार्थ अंकांच्या दोन संख्या, आणि वजाबाकीत दोनच उरले. कुठे गेले बाकीचे? दोन्ही वजनांत २४ समान होते, त्यात बहुतेक मुशीचं वजन होतं, ते एकमेकांत कटलं. काट्याची शंका मात्र दुसऱ्या दशांश स्थळी होती तिथेच राहिली. बेरीज-वजाबाकीत शंका दशांश स्थळाला चिकटलेली असते, म्हणून तिथे दशांश स्थळं बघायची. आता पुढे जा. पाणी ०.३६ भागिले १८.०१५, कोरडं मोरचूद ०.६४ भागिले १५९.६१. गुणोत्तर ४.९८ येतं. दोन अंक ठेवले की ५.०. पाण्याचं वजन ०.३५ धरलं तर ४.८ येतं, ०.३७ धरलं तर ५.२. म्हणजे पाच रेणू, हे आपल्या साध्या काट्यानेही ठामपणे सांगता येतं. पण "पाणी ३६.००%" असं जर्नलमध्ये लिहायचा हक्क आपल्याला नाही. ३६% लिहायचं. सूत्रावरून काढलं तर ३६.०८% येतं, आणि ते ०.०८ दिसायला चार दशांशी काटा लागतो.

वजाबाकीतून उरलेल्या या थोड्या अंकांचा सर्वांत मोठा किस्सा इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचा आहे. १८९० च्या दशकात ते नायट्रोजनची घनता मोजत होते. एकाच काचेच्या गोळ्यात, त्याच दाबाला आणि तापमानाला, हवेतून मिळवलेला नायट्रोजन भरून तोलायचे. वेगवेगळ्या रीतींनी ऑक्सिजन काढला तरी वजन २.३१०३, २.३१००, २.३१०२ ग्रॅम येत होतं. मग अमोनियम नायट्राइट, नायट्रस ऑक्साइड, युरिया अशा रसायनांतून नायट्रोजन काढून तोच गोळा भरला. तेव्हा २.२९८५ पासून २.३००१ पर्यंत आकडे आले, सरासरी २.२९९०. दोन अंकांत लिहिलं असतं तर दोन्ही २.३. तीन अंकांत लिहिलं असतं तर २.३१ आणि २.३०, शेवटच्या अंकात एकाचा फरक, जो कुणीही चूक म्हणून सोडून दिला असता. पण रॅलेंना आपला काटा चौथ्या दशांशापर्यंत माहीत होता, आणि ०.०११२ ग्रॅमचा फरक काट्याच्या शंकेपेक्षा कितीतरी मोठा होता. असा फरक पहिल्यांदा दिसला तेव्हाच, १८९२ मध्ये, त्यांनी तो जाहीर करून इतर रसायनशास्त्रज्ञांनाच विचारलं होतं, याचं कारण काय असेल? विल्यम रॅम्से यांच्यासोबत १८९४ मध्ये उत्तर मिळालं: हवेतल्या "नायट्रोजन" मध्ये एक टक्क्याहून थोडा जास्त दुसराच, जड आणि निष्क्रिय वायू मिसळलेला होता. आरगॉन. १९०४ चं नोबेल दोघांनाही मिळालं, एकाला भौतिकशास्त्राचं, दुसऱ्याला रसायनशास्त्राचं. मी हा किस्सा दर वर्षी सांगते, कारण रॅलेंनी एकही अंक जास्त लिहिला नाही आणि एकही कमी लिहिला नाही.

आवर्त सारणीतही हे दिसतं, फक्त आपण तिकडे तसं बघत नाही. फ्लोरिनचं अणुवस्तुमान १८.९९८ आणि त्याच्याही पुढे कितीतरी अंकांपर्यंत दिलेलं असतं. शिशाचं मात्र २०७.२ वर थांबतं. शिसं मोजायला अवघड आहे म्हणून नाही. फ्लोरिनचं निसर्गात एकच समस्थानिक आहे. शिसं युरेनियम आणि थोरियमच्या किरणोत्सारातूनही तयार होतं, त्यामुळे वेगवेगळ्या खनिजांतल्या शिशाचं मिश्रणच वेगळं असतं. कितीही चांगला काटा आणलास तरी "शिशाचं" म्हणून पुढचा अंक सांगता येत नाही.

गुणाकाराचा नियम हा आखूड रस्ता आहे असं वर म्हटलं, आणि आखूड रस्त्यावर कधीकधी खड्डा लागतो. १.०४ गुणिले ९.८. उत्तर १०.१९२. नियमाने दोन अंक, म्हणजे १०. पण ९.८ च्या जागी ९.७ आणि ९.९ घालून बघ: १०.०९ आणि १०.३०. हलतोय तो दशांशानंतरचा पहिला अंक, मग १०.२ लिहायला हरकत काय? काहीच नाही. ९.८ मधली शंका शेकडा एक आहे, आणि १० लिहिलं की वाचणाऱ्याला शेकडा दहा वाटते. परीक्षेत नियमाप्रमाणे १.० × १०^१ लिही, कारण तपासणाऱ्याकडे उत्तरपत्रिका तीच आहे. लॅबमध्ये मी १०.२ लिहीन.

सामू, म्हणजे पीएच, जेव्हा शिकशील तेव्हा अजून एक गोंधळ होईल, म्हणून आताच सांगते. पीएच ३.४७ मध्ये सार्थ अंक तीन दिसतात, पण हायड्रोजन आयनांची संहती लिहिताना ३.४ × १०^-४ असे दोनच ठेवायचे. लॉग टेबल वापरलेल्याला हे लगेच कळतं: दशांशाच्या अलीकडचा अंक हा कॅरॅक्टरिस्टिक आहे, तो फक्त दहाचा घात सांगतो, आणि घात सार्थ अंकांत धरत नाहीत. मोजमापाचे अंक मँटिसामध्ये, म्हणजे दशांशाच्या पलीकडे असतात, इथे दोन. पटत नसेल तर ३.४७ चं ३.४८ कर, संहतीतल्या ३.३९ चं ३.३१ होतं, म्हणजे दोन अंकांत ३.४ चं ३.३, दुसराच अंक हलला.

राउंड ऑफ करण्याबद्दल दोनच गोष्टी. मधल्या पायऱ्यांवर करू नकोस, एक-दोन अंक जास्तीचे घेऊन चाल आणि शेवटी एकदाच कर. आणि दोन टप्प्यांत करू नकोस. २.३४६ ला दोन अंकांत आणायचं तर २.३ येतं, आधी २.३५ आणि मग २.४ असं केलंस तर चुकलं. शेवटी बरोबर ५ उरला तर आधीचा अंक सम असेल तसाच ठेवायचा, विषम असेल तर वाढवायचा: ४.३५ चं ४.४, ४.२५ चं ४.२. शाळेत आपण ५ नेहमी वर ढकलायचो. शेकडो निकालांची सरासरी काढताना त्याने सगळंच थोडं वर सरकतं, सम-विषमने ते टळतं. यासाठी भारतीय मानकच आहे, आयएस २, आणि आपल्याकडच्या कितीतरी वस्तूंच्या मानकांत प्रस्तावनेतच त्याचा उल्लेख असतो: निकाल तेवढ्याच स्थळांपर्यंत राउंड ऑफ करा, जेवढी मर्यादेच्या आकड्यात दिली आहेत. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० : २०१२ मध्ये, फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा १.० मिलीग्रॅम प्रति लिटर आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. तिथे "१" छापलेलं नाही, "१.०" छापलेलं आहे. १.०४ आलं तर ते १.० होतं आणि पाणी मर्यादेत बसतं. १.०६ आलं तर १.१ होतं आणि बसत नाही. मर्यादा नुसती "१" असती तर १.४ सुद्धा बसलं असतं. एखाद्या गावातल्या हातपंपाच्या पाण्याचा निर्णय त्या एका शून्यावर होतो.

तुझ्या जर्नलचं ते पान परत उघड. पिपेटच्या रकान्यात १० च्या जागी १०.० लिही. ऑक्झॅलिक आम्लापुढे तुमच्या लॅबने किती ग्रॅम तोललं ते विचारून घे आणि ०.१००० की ०.०९९८, जे खरं असेल ते लिही. ०.०९९८ असेल तर कॅल्क्युलेटर ०.१०१८ दाखवेल, पण तीन अंकांत उत्तर पुन्हा ०.१०२ च येईल, ते करून बघ. ब्युरेटची तिन्ही रीडिंग्ज एका दशांशापर्यंत आहेत ना, की पूर्ण आकडा आला तिथे नुसतं "१९" लिहिलंस? तिथे १९.० लिही. आणि मैत्रिणीला सांग की पुढच्या वेळी प्रश्नात "०.१" दिसलं की आधी हात वर करून विचार, द्रावण ०.१००० आहे का.